मधला जिना

लिचफील्डला दोन रूळ एकमेकांना भेटत नाहीत.
एक दुसऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो,
वळूनही न बघता.
खालचा लंडनचा, वरचा बर्मिंगहॅमचा.
कॅथेड्रलचे तीन सुळके लांबूनच दिसतात.
गावाने स्टेशन वेशीबाहेर ठेवलं,
धूर तिकडेच राहू दे म्हणून.

आधी दोघांची ठाणी वेगळी होती.
मग अठराशे एकाहत्तरात
एकाच्या खांद्यावर दुसऱ्याला बसवलं
आणि मधे जिना घातला.

त्या जिन्यावर माझी आत्या उभी राहायची.
विनिफ्रेड टनिक्लिफ. हमाल.
पुरुष लढाईवर गेले तेव्हा मिळालेली टोपी,
कानांवर येणारी, आत वर्तमानपत्राची घडी.
खालून वर ट्रंका, वरून खाली ट्रंका,
सैनिकांच्या पिशव्या, एकदा एक जिवंत हंस, पेटीत.
ती म्हणायची, माझं काम ना वरचं ना खालचं,
मी पायऱ्यांची नोकर.
एकोणचाळीस. अंधारात मोजून पाठ.

सेहेचाळीस सालचा पहिला दिवस.
लढाई संपलेली, थंडी नाही.
सांधा गोठला होता.
केबिनमधली तरफ म्हणाली: सरळ.
रूळ म्हणाला: नाही.
खाली उभ्या असलेल्या गाडीवर
मासळीची गाडी येऊन आदळली.

आत्या तेव्हा वर होती.
याहून जास्त ती कधी बोलली नाही.
एवढंच, की रात्रभर पायऱ्या उतरल्या, चढल्या,
आणि त्या रात्री मोजल्या नाहीत.
त्यानंतर तिच्या घरी मासा शिजला नाही.
शुक्रवारी आम्हाला अंडी मिळायची.

पासष्टच्या जानेवारीत वरचा फलाट बंद झाला.
कागदावर आकडे होते: इतके प्रवासी, इतका तोटा.
जिन्याच्या दाराला कुलूप लागलं.
किल्ली परत करायची होती.
आत्या विसरली.
चहाच्या डब्यात विसरली, तेवीस वर्षं.

खालच्या गाड्या वेग वाढवत गेल्या,
इतका, की स्टेशनचं नाव वाचायच्या आत
स्टेशन संपायचं.
वर मालगाड्या जातच होत्या,
न थांबता, कोळसा घेऊन, कुणाचंही काही न घेऊन.
फलाटाच्या फटीत बर्चचं झाड उगवलं,
माझ्याएवढं झालं,
मग माझ्याहून उंच.
मी खाली उभा राहून वर बघायचो.
आत्या बघायची नाही.
गाडीला उशीर झाला की तिचा जीव मात्र खालीवर व्हायचा,
आपलं कुणीही त्या गाडीत नसताना.

अठ्ठ्याऐंशीचा नोव्हेंबर.
वरचा फलाट उघडणार, असं कळलं.
तिने कोट काढला, किल्ली काढली.
पंचाहत्तर वर्षांच्या बाईने
नव्या दाराशी उभं राहून
जुनी किल्ली फिरवून बघितली.
तिथल्या पोऱ्याने विचारलं, काय हरवलंय का?
ती म्हणाली, नाही, सापडलंय, पण बसत नाही.
दार उघडंच होतं.

ती चढली. मी मागे.
वर पोचल्यावर म्हणाली, अडतीस.
मी म्हटलं, तुझी चूक असेल.
ती म्हणाली, असेल,
नाहीतर एक पायरी त्यांनी बुजवली.

मग तिने तिकीट काढलं,
एकाच स्टेशनाचं. लिचफील्ड सिटी.
दोन-चार मिनिटांचा प्रवास.
खिडकीशी बसली, पर्स मांडीवर, अगदी ताठ.
पुलावरून जाताना खाली बघितलं.
खालून एक गाडी सुसाट गेली,
कुठली ते कळलं नाही.
परत चालत आलो आम्ही.
वाटेत तिने मला मासे-बटाटे घेऊन दिले.
स्वतः नुसते बटाटे खाल्ले,
बोटांनी, चालता चालता,
आणि कागद माझ्या खिशात कोंबला.